पेजेची वेळ

बोटीतून उतरलेला माणूस ज्याने पाहिलेला नाही, त्याने माणसाच्या रुबाबावर खुशाल विश्वास ठेवावा. मी वेंगुर्ल्याच्या बंदरावर वाढले, त्यामुळे माझा तो विश्वास लवकरच उडाला. मुंबईहून रात्रभर हेलकावे खात आलेली बोट सकाळी लांब पाण्यात उभी राही. तिथून उतारूंना पडावात घालून धक्क्यावर आणत, आणि पडावातून जे काही बाहेर येई त्याला माणूस म्हणायला मन मोठं करावं लागे. कोट बरबटलेला, टोपी हातात, डोळे खोल गेलेले. आणि तरीही धक्क्यावर पाय टेकताच पहिला प्रश्न ठरलेला, "इथे चांगलं खायला कुठे मिळतं?" जसं काही सगळं बंदर रात्रभर यांच्यासाठीच चुलीपुढे बसून होतं.

चांगलं खायला आमच्याकडे मिळे. वडील गेल्यावर आईने घराच्या पडवीत खानावळ काढली होती. पन्नास-साठच्या सालांतली ही गोष्ट. मी मॅट्रिकपर्यंत शिकून घरीच होते आणि वाढण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे माणूस जेवताना कसा दिसतो तेही मी भरपूर पाहिलं आहे. तेसुद्धा फारसं बरं दिसत नाही.

आईचा एक नियम होता. बोटीतून आलेल्याला आधी पेज, मासे मागाहून. उकड्या तांदळाची लालसर पेज, मीठ घातलेली, कोमट, आणि बाजूला खारातल्या कैरीची एक फोड. रात्रभर ढवळून निघालेलं पोट पेजेने जागेवर येतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण मुंबईकराला ते समजावून सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. "आम्ही जेवायला आलोय, ही आजाऱ्याची पेज कसली देता?" असं म्हणून नाक मुरडणारे, आणि मग दोन घोट पोटात गेल्यावर पुन्हा वाडगा पुढे करणारे, असे किती पाहिले त्याला गणतीच नाही. पेजेचे पैसे आई घेत नसे. ती म्हणे, "पेज घरची आसा, खानावळीची न्हय." आमच्या घरच्याच मडक्यातून ती निघे.

मासे खायला लागले की पाव्हण्यांच्या जिभा सुटत. एकाला काट्याशिवायचा बांगडा हवा असे. दुसऱ्याला तिरफळं घातलेल्या आमटीचा वास 'औषधासारखा' येई. सगळ्यांत असह्य आपलेच लोक. चार वर्षांपूर्वी याच धक्क्यावरून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन गेलेला माणूस परत येऊन मला विचारी, "हे तिखट तर नाही ना?" त्याच्या आईने त्याला तिखट खाऊ घालूनच वाढवलं होतं. मी अशाच्या पानात आमटी जरा सढळ हाताने वाढत असे, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

ही सगळी वरात बैलगाड्यांत आणि एसटीत बसून कुडाळ, कसालकडे पांगली की पडवी रिकामी होई. ती आईची पेजेची वेळ. आपला काशाचा वाडगा भरून घ्यायची, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा त्यावर ठेवायची आणि मागीलदारच्या पायरीवर घराकडे पाठ करून बसायची. पहाटेपासून उभी असलेली ती बाई दिवसात तेवढीच एकदा बसे. तेव्हा तिच्याशी कोणी बोलायचं नाही, काही मागायचं नाही. खानावळीत सगळं लोकांचं होतं. माशाचा चांगला तुकडा लोकांचा, कढी लोकांची, ताजं खोबरं लोकांचं. हा एक वाडगा तिचा होता.

मग काका आला. हा वडिलांचा धाकटा भाऊ. मुंबईत कुठल्याशा हॉटेलच्या गल्ल्यावर बसून त्याने बरीच वर्षं काढली होती आणि त्या गल्ल्यामागून त्याला जगाचं सगळं ज्ञान झालं होतं. घरात पुरुष माणूस नाही, वहिनीला हातभार लावतो, असं गावाला सांगून तो आला आणि पंधरवड्यात आमची खानावळ 'उपाहारगृह' झाली. पाट जाऊन टेबलं आली. एक टेबल डुगडुगे, त्याखाली तो विड्याच्या पुडीचा कागद घडी करून घाली. पडवीच्या खांबाला पाटी लागली. गिऱ्हाइकांशी तो मुंबईचं मराठी बोले, "या, बसा, काय घेणार?" आणि स्वयंपाकघरात शिरला की लगेच मालवणीवर येई.

पेज त्याच्या डोळ्यांत सलत होती. एके दिवशी चुलीपाशी येऊन तो आईला म्हणाला, "वैनी, ह्या काय लावलास तुमी? पेज काय पाव्हण्यांका देवची वस्तू आसा? गडी खातत ती."

आई म्हणाली, "पोटाक व्हया ता दितंय."

"बाहेरचो माणूस बाहेरचा खाता," काका म्हणाला. "तेका पुरी-भाजी देवक व्हयी."

हे आमच्या लोकांचं खास दुखणं आहे. दारात पाव्हणा आला की स्वतःचं ताट पदराखाली लपवायचं आणि त्याच्या गावचं काहीतरी वाईट करून त्याला वाढायचं. आमच्या समुद्रात सरंगा पोहत असतो आणि आम्ही पाव्हण्यासाठी मुंबईहून आलेला बटाटा शिजवतो. काकाने तेच केलं, आणि वनस्पती तुपात केलं. आईला त्याने सांगितलं की पेजेचं मडकं घरच्यांपुरतं मागे ठेवा, बाहेर वास येता कामा नये. आईने मडकं मागे नेऊन ठेवलं. तिचा वाडगा तिच्याकडे होता, बाकी टेबलं काय आणि पाट काय, तिला सारखंच.

पहिल्याच बोटीला एक विमा एजंट आला. चेहरा शेवाळाच्या रंगाचा. काकाने त्याच्यापुढे टम्म फुगलेल्या पुऱ्या ठेवल्या आणि शेजारी उभा राहून वाढत राहिला. चौथ्या पुरीला एजंट उठला, दारापुढचं खळं ओलांडून पलीकडच्या माडाच्या बुंध्यापर्यंत कसाबसा गेला आणि सगळं माडाला अर्पण करून आला. त्याचं पाहून दुसरा उठला. तिसऱ्याला तेवढाही वेळ मिळाला नाही, ते टेबल मला धुवावं लागलं. काका म्हणाला, आज समुद्र जरा खवळलेला होता. पुढच्या बोटीलाही समुद्र खवळलेलाच होता. सबंध हिवाळाभर, पाणी आरशासारखं असताना, काकापुरता समुद्र खवळलेला राहिला आणि तो माड मात्र चांगला पोसला गेला.

फाल्गुनात काजूच्या बागा बघायला एक मोठा सरकारी साहेब येणार असं कळलं. काकाच्या अंगात वारं शिरलं. साहेब खूश झाला तर पुढचे सगळे सरकारी पाव्हणे आपल्याकडे, असं त्याने पक्कं ठरवलं. श्रीखंडासाठी दही टांगलं. टेबलावर माझ्या चांगल्या लुगड्याची चादर अंथरली, ती मला न विचारता. साहेब आला तो पडवी रिकामी झाल्यावर, दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून. श्रीखंडाची वाटी बघताच त्याने तोंड फिरवलं आणि मोकळी जागा शोधत घराला वळसा घालून मागीलदारी गेला.

तिथे आई पायरीवर बसली होती. नुकताच वाडगा भरून घेतला होता, तोंडाला अजून लावला नव्हता. साहेब न्हाणीच्या भिंतीला टेकून उभा राहिला. जरा सावरल्यावर त्याने विचारलं, "बाई, हे काय आहे?"

"पेज."

"मला थोडी मिळेल?"

आईने आपला वाडगा त्याच्या हातात दिला. बोटीतून आलेल्याला आधी पेज, हा तिचा नियम होता, तो साहेबासाठीही बदलला नाही. "बसा," ती म्हणाली. "गरम आसा, सवकास जेवा."

साहेब पायरीवर बसून जेवला. खारातली कैरी चोखून खाल्ली, सुका बांगडासुद्धा सोडला नाही. मी आणि काका दारात उभे. काकाच्या हातात श्रीखंडाची वाटी तशीच होती. साहेब वाडगा खाली ठेवून म्हणाला की इतकं चांगलं अन्न त्याने बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं. आई हसली आणि मडक्यात बघायला गेली. तळाशी काही उरलं नव्हतं. त्या दिवशी ती तशीच कामाला लागली.

तुम्हाला वाटेल, काकाला लाज वाटली असेल. लाज वाटायला माणूस वेगळा लागतो. दुसऱ्या दिवशी पाटीवर नवी ओळ आली, 'आमची खास मालवणी पेज'. गड्यांची म्हणून जिचा वास बाहेर येऊ द्यायचा नव्हता, ती आता काचेच्या बाउलमध्ये, वर तुपाची धार आणि काजूचे चार तुकडे घेऊन टेबलावर येऊ लागली, आणि तिला भाव लागला. आपण पहिल्यापासून हेच सांगत होतो, असं काका येईल त्याला ऐकवी. आणि पाव्हणे? फुकट मिळत होती तेव्हा नाक मुरडणारे हेच लोक आता चमचा हलवत एकमेकांना सांगू लागले की पेज प्रकृतीला फार चांगली. साहेबाने खाल्ली, एवढंच त्यांना पुरलं. माणसाची जीभ तोंडात असते असं म्हणतात. यांची साहेबाच्या तोंडात होती.

मडकं रिकामं होऊ लागलं. आईसाठी आधी अर्धा वाडगा उरे, मग तळाचं पाणी, मग काहीच नाही. मोठं मडकं चढवलं, काकाने तेही शेवटच्या थेंबापर्यंत विकलं. आई वाडगा घेऊन आली की तो म्हणे, "वैनी, पुरयो उरल्यो आसत मा, त्यो खावा." आणि आई त्या गार, वातड पुऱ्या घेऊन पायरीवर बसे. दोन घास खाई, उरलेल्या कोंबड्यांना टाकी. मला संताप येई. मी एकदा तिला म्हटलं, "तुझ्यापुरती वेगळी घाल गो."

"माझ्यापुरती वेगळी शिजवू?" ती म्हणाली. "मगे चूलच वेगळी कर म्हणान सांग."

बरोबर होतं तिचं. आमच्याकडे घर फुटतं ते चुलीपासून. एका बाईने स्वतःसाठी निराळं मडकं चढवलं की संध्याकाळपर्यंत गावभर वाटणी झालेली असते. घर फोडल्याचा बोल तिला लावून घ्यायचा नव्हता, आणि काकाला ते पुरेपूर माहीत होतं. मी भांडले तेव्हा तो मला म्हणाला की मुलीच्या जातीला धंदा कळत नाही.

चैत्रातला बोटीचा दिवस होता. पडवी भरलेली, सगळी टेबलं पेज खात होती. आपल्या पेजेच्या वेळेची वाट न बघता आईने हात धुतले, काशाचा वाडगा घेतला आणि मडक्याकडे न बघता सरळ पडवीतून बाहेर निघाली. आजवर ती पडवीत गिऱ्हाइकांपुढे कधी आली नव्हती. लोक चमचे थांबवून बघू लागले. खळं ओलांडून, रस्ता ओलांडून ती समोरच्या झोपडीत राहणाऱ्या शेजारणीच्या दारात उभी राहिली. आम्हाला मासे घालणारी हीच. आई वाडगा पुढे करून उभी. मी खळ्यापर्यंत धावले, काका वाढायचा डाव हातात घेऊन माझ्यामागे.

शेजारीण घाबरली. आमच्याकडे दुसऱ्याच्या दारी पेज मागायला जातात ती घरात कोणी आजारी असलं तर. "काय गो," तिने विचारलं, "घरात कोण आजारी आसा?"

"नाय गो," आई म्हणाली. धक्क्यावरच्या हमालांनाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली. "आमच्या घरातली पेज विकूची आसा. माका खावची व्हयी."

शेजारणीने वाडगा भरला. आई तिच्याच पायरीवर, आमच्या पाटीकडे तोंड करून बसली आणि सावकाश जेवली. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. खानावळवाली बाई स्वतःच्या घरासमोर शेजारणीची पेज खातेय, ही बातमी वेंगुर्ल्यात कशी पसरणार ते काकाला चांगलं ठाऊक होतं. त्याचा चेहरा बोटीतून उतरलेल्यासारखा झाला.

इतक्यात पडवीतला एक पाव्हणा तोंड पुसत माझ्याजवळ आला. सगळं पाहून त्याला एवढंच कळलं होतं. "तिकडे जास्त चांगली मिळते का हो?"

"मिळते," मी म्हटलं. "पण विकत नाही."

पुढच्या बोटीच्या दिवशी काकाने मडक्यातला पहिला डाव आईच्या वाडग्यात ओतला, आणि कुठे चूक नको म्हणून वर तूप सोडून काजूही घातले. आई वाडगा घेऊन मागीलदारी गेली आणि घराकडे पाठ करून पायरीवर बसली. काजूचे तुकडे तिने एकेक वेचून पायरीवर ठेवले. कावळे येऊन ते घेऊन गेले, मग ती जेवली.