तिखट कानाचा माणूस

नागापूरच्या एमआयडीसीत मी प्रेस शॉपला लागलो, तेव्हा सगळ्यांत तिखट कान माझा समजला जायचा. पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या धडधडाटात बाकीचे हातवारे करायचे, मला मात्र बोललेलं कळायचं. त्याचं कारण फार उशिरा समजलं. माझ्या कानात गोंगाट नीट शिरतच नव्हता, आणि गोंगाटामुळं माणसं ओरडून बोलायची. तेवढं ओरडणं मला पुरायचं.

घरी सगळं उलटं. बायको अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, बोलणं एकदम हळू. लग्नात तिनं उखाणा घेतला तेव्हा सगळा मांडव हसला, म्हणून मीही हसलो. मला अक्षरही ऐकू आलं नव्हतं. नंतर कितीदा विचारलं, तर ती लाजून पुन्हा तसंच पुटपुटायची. कंपनीत सांगितलं तर एक जण म्हणाला, "इथं येतंय अन् घरी न्हाई? बायकोचं कुनालाच ऐकू येत न्हाई, गड्या." या विनोदाचा मला आजही राग येतो. त्याच्या नादानं कित्येक वर्षं मी दवाखान्याची पायरी चढलो नाही.

शेवटी तपासणी झाली. दोष मधल्या कानात निघाला. तांदळाच्या कणीएवढं एक हाड जन्मापासून घट्ट चिकटलेलं, आवाज आला तरी हलत नाही. दोन्ही कानांत तेच. ते काढून कृत्रिम हाड बसवलं की बहुतेकांना चांगलं ऐकू येतं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी बायकोला बजावलं, "पट्टी निघाली की पहिला उखाणा घ्यायचा. हळूच." तिनं मान हलवली.

ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी कानाचा पडदा उचलला, आत पाहिलं आणि तसाच परत बसवला. जिथं हाड बसवायचं, नेमकी तिथंच चेहऱ्याची नस आडवी गेलेली. "हात लावला असता तर तोंड वाकडं झालं असतं. दुसऱ्या कानातही असंच असण्याची शक्यता आहे. मी तो उघडणार नाही." हे त्यांनी जवळ येऊन मोठ्यानं सांगितलं, त्यामुळं मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

पट्टी निघाल्यावर बायकोनं ठरल्याप्रमाणं उखाणा घेतला. नुसते ओठ हलले. मी म्हणालो, पुन्हा. मग ती ओरडून म्हणायला लागली आणि अर्ध्यातच थांबून शेजारच्या भिंतीकडं बघत राहिली. पलीकडं कुणी हसलं असणार. उरलेला उखाणा तिनं परत कधीच घेतला नाही.

कानाला लावायचं मशीनही आणलं. त्यातून पंखा आणि भांडी मोठी झाली, तिचा आवाज होता तेवढाच राहिला. आता ती मला फक्त ओरडण्याजोगं सांगते. "अहो, जेवाया या." "अहो, गॅस संपलाय." बाकीचं ती गॅसकडं तोंड करून बोलते. पाठमोरी असली तरी तिची मान हलताना दिसते. काय म्हणालीस, असं मी विचारणं सोडून दिलंय.

हल्ली मी शिफ्टच्या बऱ्याच आधी घरातून निघतो. तिथं मला सगळ्यांचं ऐकू येतं.