चुंबळीवरचा चेंडू

करडईच्या कोमट तेलाचा वास आला की अजूनही मला साताऱ्यातले आमचे परसदार आठवते. कार्तिकातली उन्हे कौलांवरून निघून जात, अजिंक्यताऱ्याची सावली अंगणात पसरू लागे, आणि मी वाटीतले तेल आधी ह्यांच्या खांद्याला लावून उरलेले एका परदेशी दांडक्याला चोळत बसे.

युद्ध संपल्यावर हे परतले ते आखडलेला उजवा खांदा घेऊन. आसामातल्या लष्करी इस्पितळात शेजारच्या खाटेवर एक अमेरिकन सैनिक होता. त्याने निरोप घेताना आपली बेसबॉलची बॅट ह्यांना दिली आणि निम्म्या खुणांनी उपायही सांगितला. चेंडू कमरेइतक्या उंचीवर स्थिर ठेवायचा आणि रोज टोलवायचा, म्हणजे खांदा मोकळा होईल. संक्रांतीनंतर जवळच्या शाळेत कवायत शिक्षकाची जागा भरायची होती, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांसमोर तालमीतले जड लाकडी मुद्गल फिरवून दाखवायचे होते. ते जमले नाही तर मुंबईच्या एका गोदामावर पहाऱ्याची नोकरी तयार होती. तिथे बायकोला नेण्याची सोय नव्हती. चार वर्षे मी वाट पाहण्यात घालवली होती. आणखी एक दिवससुद्धा मला नको होता, पण तसे बोलून दाखवण्याची तेव्हा रीत नव्हती.

मी उखळात ओली वाळू ठासून मुसळ उभे केले. त्याच्या माथ्यावर, घागरीखाली डोक्यावर घ्यायची माझी चुंबळ बांधली आणि तिच्यात लुगड्याच्या चिंध्यांचा घट्ट शिवलेला चेंडू बसवला. ह्यांच्या अंगात लहानपणचा विटीदांडू असा मुरलेला, की टोला खालूनच वर जाई. मुसळ कलंडे, चुंबळ शेवग्याच्या बुंध्याशी जाऊन पडे आणि चेंडू मात्र ह्यांच्याच पायाशी. मी पदर तोंडाला लावून हसे. हे क्षणभर रागावत, मग स्वतःही हसत. चेंडू ठेवण्याचे काम माझे होते, आणि बॅट उचलण्याआधी दर खेपेला हे विचारत, "हात काढलास का गं?" मी हुंकार दिल्याशिवाय बॅट जागची हलत नसे.

मार्गशीर्ष उजाडला, गुऱ्हाळांचा गोड धुरकट वास गल्लीपर्यंत येऊ लागला, तरी खांदा ढिम्मच. एका पहाटे जात्यावर बसले असताना मला जाणवले की पायलीभर ज्वारी दळूनही माझा खांदा कधी दुखत नाही, कारण सांगलीला माहेरी आईने मला हाताने नव्हे, अंगाने दळायला शिकवले होते. संध्याकाळी मी भीत भीत म्हटले, "आवं, हातानं नका मारू. जात्यावर बसल्यागत कमरंतनं फिरा, हात येतोय मागनं आपसूक."

"फौजेतनं सुटलो, आन् आता तुझी कवायत व्हय?" हे म्हणाले, पण फिरले कमरेतूनच. त्या दिवशी मुसळ पडले नाही. चेंडू कुंपणापलीकडे गेला, आणि हे स्वतःच्याच खांद्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

परीक्षेची हकिगत ह्यांनीच मला सांगितली. मुद्गल हाती घेतले, पाय रोवले, आणि सवयीने तोंडून निघून गेले, "हात काढलास का गं?" बिचाऱ्या मुख्याध्यापकांनी दचकून टेबलावरचा हात मागे घेतला. त्यानंतर मुद्गल असे फिरले, की नोकरी तिथल्या तिथे पक्की झाली.

हे सांगताना हसून हसून ह्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मुंबई टळली होती, खांदा सुटला होता, सरावाची आता काही गरज उरली नव्हती. तरी उन्हे उतरल्यावर मी परसात गेले, मुसळ उभे केले, चुंबळीवर चेंडू ठेवला. हे बॅट घेऊन आले आणि नेहमीच्या जागी उभे राहिले.

"हात काढलास का गं?"

मी हात लवकर काढला नाही.