चौथं बोट

मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरायचा म्हणून संग्रहालयातले सगळे त्याला पेंढारी म्हणत. जिवंत झुरळ मारायलाही त्याचा हात धजत नसे.

आम्ही संग्रहालयामागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. हे तिथले प्रमुख. अभ्यास दगडांचा, सही मात्र सगळ्यावर. पेंढारीची खोली आमच्या स्वयंपाकघराला लागून होती. कातडी टिकवायला टाकणखार, कापूस, काचेचे डोळे. जुन्या पक्ष्यांची बोटं झडली की तो तार आणि मेणाची नवी करायचा. भिंगातूनही ओळखू येत नसत.

सुट्टीला तो जंगलातल्या ओढ्यावर जायचा. दोन पावसाळे त्याने तिथे पक्ष्यांची एक जोडी पाहिली. सोमवारी सांगायचा आणि मी डायरीत उतरवायचे.

"चिमणीएवढा, वहिनी. पाठ काळसर निळी, पोट हळदीसारखं, डोक्यावर जांभळी झाक. चोच अन् पाय लालभडक."

नर-मादी मिळून मातीच्या दरडीत बोगदा खणतात, आळीपाळीने अंडी उबवतात. मासे क्वचित; पाली, कोळी, बेडकं जास्त. उघड्या पाण्यावर फिरकत नाहीत, दाट सावलीतच बसतात. शीळ ऐकू येते, पक्षी दिसत नाही.

"आमच्या शिपायासारखं," तो म्हणाला. "'आलो, आलो' ऐकू येतं, माणूस दिसत नाही."

मग तो ओढा दगडाच्या खाणीसाठी द्यायचं ठरलं. पाहणी समितीने संग्रहालयाला विचारलं: फक्त जंगलातच राहणारा एखादा पक्षी तिथे आहे का? असला तर खाण दुसरीकडे हलणार होती. त्याच आठवड्यात पेंढारीला ओढ्याजवळच्या विश्रामगृहाच्या खिडकीखाली त्या जोडीतला एक मरून पडलेला सापडला. रुमालात गुंडाळून आणला, पण उकाड्यात दोन दिवस गेले होते. चोच तपकिरी पडली होती, डोक्याची पिसं गळाली होती.

मी चहा घेऊन त्याच्या खोलीच्या दारात उभी होते.

"नेहमीचाच खंड्या," हे म्हणाले. "पिल्लू आहे. रंग भरायचाय अजून."

"साहेब, याला तीनच बोटं आहेत."

"तुटलं असेल एक."

"दोन्ही पायांचं? अन् तेच?"

"काचेवर आपटला म्हणतोस ना? मग! लाव चौथं."

"साहेब, याला चौथं नव्हतंच. मी दोन वर्षं…"

"पेंढा पक्ष्यात भर, माझ्या डोक्यात नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. दोन पावसाळ्यांच्या तारखा माझ्याकडे होत्या, माझ्याच अक्षरात.

"चहा निवतोय," मी म्हणाले.

त्याने बोटं लावली, तीही नेहमीसारखीच सुबक. समितीने पक्षी टेबलावर ठेवून पाहिला, प्रत्येक पायाला चार बोटं मोजली आणि ह्यांची सही घेतली. पावसाळ्याआधीच दरड सुरुंगाने उडवली. पुढे निवृत्त होईपर्यंत पेंढारी माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलला.

हे जाऊन नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी एका अभ्यासक मुलीने त्या पक्ष्याचा एक्स-रे काढला. दोन्ही चौथ्या बोटांत तार निघाली. आता पाटीवर 'तिबोटी खंड्या' असं नाव आहे, आणि तिच्या अहवालात एक ओळ: पेंढा भरणाऱ्याने केलेली बनावट.

मी डायरी घेऊन संग्रहालयात गेले. तिथला अधिकारी नम्रपणे म्हणाला, "आजी, हुकूम लेखी नाही ना? मग घरच्या डायरीवर आम्ही काय करणार?"

तिथून पेंढारीकडे गेले. डोळे गेलेत त्याचे. खाटेवर बसून होता. मी तारखा वाचून दाखवल्या, त्या दिवशी लिहून ठेवलेलं ह्यांचं बोलणंही वाचलं. मी म्हणाले, वर्तमानपत्राला लिहिते, तुझं नाव साफ होईल.

"साहेबांचं नाव घालाल त्यात?"

मी डायरी मिटली.

"बोटं मीच लावली, वहिनी. अहवालात खोटं कुठे आहे?"

मी डायरी पिशवीत घातली.

"जाताना दार ओढून घ्या," त्याची सून आतून म्हणाली.