काशीराम फिटरची पंखवाली मगर

बिरवाडीत काशीराम फिटर कुठं राहतो विचारा, शेंबडं पोर पण घर दाखवील. एकतीस वर्षं कारखान्यात काढली माणसानं. पंप उघडायचा, पंप बसवायचा, हेच काम. दोन लोखंडं एकमेकांत बसली का नाय ते तो डोळ्यांनी बघायचाच नाय. सांध्यावरनं नख फिरवायचा. नख अडकलं की म्हणायचा, "अजून हाय." नाय अडकलं की चहा सांगायचा.

एकवीस साली पुराचं पाणी घरात घुसलं, तवा ह्यानं पहिली उचलली ती हत्यारांची पेटी. बायको नीला आजपण ते सांगते, "माझा टीव्ही खाली पवत व्हता, नि ह्यांच्या कानशी माळ्यावर बसून मजा बघत व्हत्या."

मंग रिटायर झाला. घरातल्या कुकरच्या शिट्ट्या नीट केल्या, आळीतले मिक्सर नीट केले. नीट करायला काय उरलंच नाय, तवा चालत्या वस्तू उघडायला लागला. एकदा नीलाची शिलाई मशीन उघडली, तवापासनं तिनं मशीनला कुलूप लावलं.

घरात लेक दीप्ती. पोरीचा हात लय बारीक. शौकीन लोक असतात ना, कपाटात शिपाई, घोडे, राक्षस असल्या बोटाएवढ्या मूर्त्या मांडून ठेवणारे, ते तिच्याकडं त्या कुरिअरनं धाडतात. ती केसाएवढ्या ब्रशनं रंगवून परत पाठवते. काशीरामला ते काम कवा काम वाटलंच नाय. रंगारी कारखान्यात कवा येतो? फिटर सगळं बसवून घरी गेल्यावर.

एक दिवस पुण्याच्या हर्षद म्हणून कुणाचा खोका आला. उचलताना कुरिअरवाला कण्हला. उघडला तर आत ड्रॅगन. पण सबंध नाय, अकरा तुकडे. डोकं वेगळं, मान वेगळी, पंख वेगळे, शेपटी वेगळी. सगळा कथलासारखा पांढरा धातू, अडीच किलो वजन. जुनी परदेशी मूर्ती, आता ती कुठं बनत नाय. शेजारची वैशाली खिडकीतनं डोकावली नि म्हणाली, "काकी, सावित्री नदीतली मगर आणलीत काय घरात? पंख कवा फुटले तिला?"

हर्षदचा फोन आला. दीप्तीनं स्पीकरवर ठेवला. "हे बघा, जोडताना सांधा दिसता कामा नये. रंगाच्या आधी प्रायमर मारून मला फोटो पाठवा. एक जरी रेघ दिसली, तर रंग देऊ नका, तशीच परत पाठवा. आणि जमलं, तर अशा आणखी पाच आहेत माझ्याकडे."

पाच म्हंजे वर्षभराचं काम, तेपण घरबसल्या. नाय जमलं तर दीप्तीनं ठाण्याला मावशीकडं राहून मोबाईलच्या दुकानात लागायचं, असं मायलेकींचं ठरलेलंच व्हतं. पोरीला जायचं नव्हतं. काशीरामला तिला धाडायचं नव्हतं. पण दोघं एकमेकांना तसं बोलायची नायत.

बसली पोर जोडायला. मान तेवढी बसली, बाकी एक तुकडा दुसऱ्यात बसेल तर शपथ! डाव्या खांद्यात फट एवढी की आत काडी जावी. शेपटीचं भोक बारीक नि अंगाची खुंटी जाडी. दीप्ती घासते, गोंद लावते, दाबून धरते. धरलं तवर बसतं, सोडलं की पडतं. एकदा जेवताना शेजारच्या स्टुलावरनं पंख सुटला नि टपकन काशीरामच्या आमटीत.

त्यानं पंख काढला, पुसला, नख फिरवलं. "मी बघू काय गो?"

"पप्पा, हा पंप नाय."

एवढंच म्हणाली. पण ते त्याला लागलं. दोन दिवस तो दारातच बसायचा, पेपर धरून, नि पेपराच्या वरनं बघायचा.

तिसऱ्या दिवशी दीप्ती नवा गोंद आणायला महाडला गेली. नीला नळावर. काशीरामनं शेपटी हातात घेतली. भोक बारीक, खुंटी जाडी. अहो, हे तर रोजचं! शाफ्टवर बेअरिंग बसत नसेल तर काय करतात? बेअरिंग गरम करायचं. ते फुगतं, गपकन बसतं, गार झालं की जन्मात सुटत नाय. हजार बेअरिंगं बसवली असतील त्यानं अशी. चिमट्यात शेपटी धरली नि गॅस पेटवला.

बेअरिंग पोलादाचं असतं, ही कथलाची बहीण. हे डोक्यात यायच्या आत शेपटीचा बुडखा लोण्यासारखा लवला नि टप, टप, टप, बर्नरवर.

नीला हंडा घेऊन आत आली. "अवो, मगर शिजवताय काय?"

काशीरामनं गॅस बंद केला. एकतीस वर्षांत त्यानं एक वॉशर वाया घालवला नव्हता.

दीप्ती आली तवा तो उंबऱ्यावर उभा. हातात उरलेली अर्धी शेपटी. म्हणाला, "मी गरम केली. मी वितळवली. मला अक्कल नाय." पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. "पप्पा, ही परत मिळत नाय हो कुठं."

बर्नर खरवडता खरवडता नीला म्हणाली, "ही मूळची ओतलेलीच ना? मंग परत ओता."

नीलाचं माहेर पोलादपूरचं. लहानपणी शेजारी ओतारी व्हते, घुंगरं, घंटा ओतायचे. वारुळाची माती तुडवायला ही पोरं जायची, तुडवलं की दोन घुंगरं मिळायची. मेणाची वस्तू करायची, वरनं मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचं, त्या पोकळीत धातू ओतायचा. सगळं तिला पाठ. मेण घरातच व्हतं. दर रविवारी बुद्धवंदनेला लावलेल्या मेणबत्त्यांची थोटकं ती डब्यात साठवायची.

दीप्तीनं आधी हर्षदला फोन केला. "सर, शेपटीचं मूळ आमच्याकडून वितळलं. आम्ही पुन्हा ओततोय." हर्षद म्हणाला, "प्रायमरचा फोटो पाठवा. मग बोलू."

नीलानं वारुळाची माती आणून चाळली, भाताचा तूस घातला, मळली. दीप्तीनं मेणाचा बुडखा केला, त्यावर सुईनं खवले कोरले, उरलेल्या शेपटीवरच्या खवल्यांशी जुळतील असे. लेप दिला. दुसऱ्याच दिवशी काशीरामला धीर निघंना. "वाळलं, वाळलं," म्हणत त्यानं परसात जुन्या पळीत बर्नरवरनं खरवडलेला धातू वितळवला नि ओतला. आतल्या ओलीची वाफ झाली, फडाड करून सगळं उडालं, नि तिघं तीन दिशांना पळाली. वैशाली खिडकीतनं, "काका, मगर चावली काय?"

"तीन उन्हं लागतात मातीला," नीला कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुमच्या शिफ्टवर नाय ती वाळत. नि ती पळी परत माझ्या घरात आणायची नाय."

दुसऱ्या खेपेला नीलानं साचा चार दिवस उन्हात ठेवला नि राखणीला स्वतः बसली, नवऱ्यापासनं राखायला. परसात उडालेला धातू वेचून परत ओतला. ह्या वेळी माती फोडली तर आतनं बुडखा निघाला, सगळे खवले जागच्या जागी.

मंग मात्र दीप्तीनं आपणहून स्टूल सरकवलं. "बसा पप्पा."

काशीरामनं हातड्रिल काढलं. सायकलच्या आऱ्याचे तुकडे कापले, अंगाची जाडी खुंटी कापली, अंगात भोक, बुडख्यात भोक, उरलेल्या शेपटीत भोक, मधी आरा. पंखांनापण तसंच. "वजन गोंदावर टाकायचं नाय, आऱ्यावर टाकायचं. गोंद नुसता सोबतीला." फटीत प्लंबर वापरतात ती दोन रंगांची पुट्टी भरली, वाळल्यावर दीप्तीनं तिच्यात खवले उठवले. बाप घासायचा, लेक कोरायची. सहा दिवस घरात रेडिओ पण लागला नाय, नुसती कानशीची खरखर.

मानेला तेवढा त्याला हात लावू दिला नाय. "मान मी आधीच बसवली हाय. ती मस्त बसली हाय."

"बरं बाई," काशीराम म्हणाला.

प्रायमरच्या दिवशी सकाळी काशीराम अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसला. दीप्तीनं अंगणात खोक्यात ड्रॅगन ठेवून करडा फवारा मारला. प्रायमर लय चुगलखोर असतो. नुसत्या धातूवर न दिसणारी फट त्याच्याखाली लगेच दिसते. वाळायला अर्धा तास. काशीराम अंगणाकडं पाठ करून बसला.

"पप्पा, शेपटी..." दीप्तीनं बॅटरी फिरवली. "शेपटी स्वच्छ हाय. डावा पंख स्वच्छ. उजवा..." नि थांबली.

"काय झालं?"

"मानेवर रेघ हाय."

केसाएवढी, पण आडवी, एका कानापासनं दुसऱ्या कानापर्यंत. काशीरामच्या ओठावर लय काय आलं व्हतं, पण लेकीचं तोंड बघून त्यानं गिळलं. नीलाला कुठं गिळता येतंय! "मान कुणी बसवली गो?"

दीप्ती लाल झाली, मंग हसायलाच लागली, नि ड्रॅगन उचलून बापाच्या मांडीवर ठेवला. "घ्या, मालक. तुमचा पंप."

दोन दिवस मानेचं काम. परत प्रायमर, परत बॅटरी. ह्या वेळी रेघ नाय. आठ बाजूंनी फोटो काढून पाठवले. तासभर फोन गप. तिघं त्याच्याकडं बघत बसली. मंग निरोप आला, "वितळलेला भाग नेमका कुठून कुठपर्यंत? फोटोवर खूण करून पाठवाल? मला सापडत नाही."

तिघांची डोकी फोनवर. काशीराम म्हणाला, "हा इथं." नीला म्हणाली, "कायतरीच, ह्या काट्याच्या मागं." दीप्ती म्हणाली, "दोघं पण चुकताय, खवले मी कोरलेत." मूर्ती आणली, उलटी केली, भिंग आणलं, वैशालीला बोलावलं. तिनं चौथीच जागा दाखवली.

शेवटी दीप्तीनं लिहिलं, "सर, आम्हालाही सापडत नाही."

हर्षदनं लगेच कळवलं, "रंग सुरू करा. आणि पत्ता नीट लिहून पाठवा, पाचही एकत्र पाठवतोय, खोका खूप जड आहे."

काशीरामनं ते दोनदा वाचून घेतलं नि नीलाला म्हणाला, "बघतेस काय? चहा ठेव."

"तुमीच ठेवा," नीला म्हणाली. "गॅस पेटवायचा सराव हाय तुमाला."