जुन्या चावडीवर आलेली वायर

बोरकुंडीचे सरपंच दर पाच वर्षांनी बदलतात, ग्रामसेवक त्याच्याही आधी बदली करून घेतात, पण चतुराबाई कुठं जात नाही. औसा तालुक्यातल्या या ग्रामपंचायतीची ती शिपाई. किल्ली तिच्या कमरेला, शिक्का तिच्या कपाटात आणि कुणाच्या सुनेनं सासूला काय ऐकवलं याची नोंद तिच्या डोक्यात. पहिल्या दोन गोष्टी एकवेळ हरवतील, तिसरी हरवायची नाही.

नोकरी तिला नवऱ्याच्या जागी मिळाली. मन्मथअप्पा जुन्या गावच्या चावडीत शिपाई होता. त्र्याण्णवच्या भूकंपात, गणपती बुडवून आल्यावरच्या त्या पहाटे, तो चावडीतच झोपला होता. चतुराबाई घरी होती. माळवद कोसळलं, ती एका तुळईच्या आडोशानं वाचली. दिवसभर बोलणारी बाई, पण त्यापुढचं तेवढं ती कुणाला सांगत नाही. काढून घ्यायचे प्रयत्न गावातल्या पट्टीच्या बायकांनी केले, हात टेकले.

मग गाव दोन किलोमीटर अलीकडे, सडकेला लागून नवं वसलं. सरळ रस्ते, सारखी घरं, वर स्लॅब. लोकांनी सरकारचे आभार मानले, स्लॅबखाली शेळ्या बांधल्या आणि स्वतः अंगणातल्या पत्र्याच्या शेडात झोपायला लागले. सरपंच चन्नबसअप्पा वीस वर्षांनीही पत्र्यातच झोपत. विचारलं तर म्हणत, “आत लई उकडतं.” जसं काही पत्र्याखाली काश्मीरच आहे.

चतुराबाई मात्र दर सोमवारी जुन्या गावी जायची. बाभळी माजलेल्या त्या ढिगाऱ्यातून वाट काढत चावडीच्या जोत्यावर पोचायचं, दारावरचा पडलेला दगड पदरानं पुसायचा, त्यावर बेलाचं पान ठेवायचं. दगडावर अजून अक्षरं होती: ग्रामपंचायत कार्यालय, बोरकुंडी. गावात नवं कुणी आलं, मग ती सून असो की मास्तर, की त्याला आधी हा दगड दाखवायचा, असा तिचा दंडक.

अशातच सरकारी अनुदान निघालं. गावोगावची ग्रामपंचायत जमिनीखालच्या वायरीनं जोडायची, म्हणजे दाखले, उतारे गावातच मिळतील. बोरकुंडीला त्याची निकड होती. निम्मी पोरं लातूरला क्लासेसमध्ये; प्रत्येक फॉर्मला दाखला लागे आणि एका दाखल्यासाठी बापाला औशाच्या दोन चकरा. पहिल्या चकरेत नेट नसे, दुसऱ्या चकरेत साहेब.

पाहणीला नांदेडहून रेणुकादास नावाचे अभियंते आले, ते नेमके सोमवारी. कार्यालयाला कुलूप.

“किल्ली चतुराबाईकडं. ती जुन्या गावात,” कुणीतरी सांगितलं.

साहेब घाम पुसत तिथवर गेले. चतुराबाईला आयताच पाहुणा मिळाला. तिनं सावलीला बसवलं, तीन दगडांवर चहा ठेवला, सीताफळं पुढं केली. इथं सरपंचाची खुर्ची होती, इथं निजामाच्या काळातला पेटारा होता, आणि ह्या कोपऱ्यात चन्नबसअप्पाच्या आजोबाला बोकड चोरला म्हणून उभं केलं होतं. साहेब रंगून गेले. शेवटी उठत म्हणाले, “बरं मावशी, आता ऑफिस दाखवा.”

चतुराबाई दगडावर हात ठेवून ऐटीत म्हणाली, “हीच आमची ग्रामपंचायत, सायेब. तिकडं हाय ते नुसतं टेबल-खुर्ची.”

उन्हं डोक्यावर, साहेबांची अजून चार गावं राहिलेली. नाव दगडावर कोरलेलं दिसतंय, शिपाई समोर आहे. त्यांनी यंत्र काढून जागेची नोंद घेतली, दगडाशेजारी डोक्यावर पदर घेतलेल्या चतुराबाईचा फोटो काढला आणि चार पानांचा कागद पुढं केला. तिनं तो न वाचताच झोकात सही ठोकली. आपला फोटो सरकारदरबारी गेला, हे तिनं पुढं महिनाभर सांगितलं.

वर्ष गेलं. फेब्रुवारीत खोदायचं मशीन आलं आणि सडक सोडून बाभळीत घुसलं. जुन्या गावात धन सापडलंय, अशी कुजबुज उठली; दोघं-तिघं तर घमेली घेऊन निघाले. पण निघाली ती काळी वायर. चावडीच्या जोत्याशी तिचं वेटोळं करून, नेटच्या यंत्राचा खोका पंचायतीच्या हवाली करून माणसं निघून गेली.

ग्रामसेवक श्रीनाथ भाऊसाहेब हदगावकडचे. त्यांनी कागद मागवले, ते महिन्यानं आले, तेव्हा सगळ्यांसमोर फोटो उघडला. मग जे हसू फुटलं, ते थांबेना. चन्नबसअप्पा तेवढे लाल झाले.

“चतुरे, नेट घालवलंस खंडरात! आता तिथं काय सापांना दाखले देतीस?”

“वायर इकडं ओढता येत न्हाई का?” चतुराबाईनं विचारलं.

“नाही ना, बाई,” भाऊसाहेब म्हणाले. “नोंद जिथली, वायर तिथंच. आजपासून आठ दिवसांनी, एकतीस मार्चला, पाहणीला येऊन राहिले ते नांदेडचे साहेब. पंचायतीच्या मालकीच्या जागेत नेटची मशीन चालू दिसली पाहिजे. नाही तर अनुदान परत, अन् आपलं नाव यादीच्या शेवटी.”

दोन दिवस गावानं चतुराबाईला जगू दिलं नाही. पोरं तिला “जुन्या गावचं नेट कुठंय हो?” विचारत. पिठाच्या गिरणीत, बोअरवर, देवळात तीच चेष्टा. सगळ्या गावाची खिल्ली उडवणारी बाई पहिल्यांदाच गप्प झाली. पण बोचत होती ती चेष्टा नव्हे. ज्यांच्या पोरांना दाखले हवे होते त्या बाया हसत नव्हत्या, ते बोचत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सरपंचांच्या शेडासमोर उभी राहिली.

“अप्पा, चावडीची जागा कुणाच्या नावावर हाय?”

“पंचायतीच्या.”

“तिथल्या विहिरीवरच्या मोटारीचं मीटर?” नव्या गावाला पाणी अजून जुन्या विहिरीचंच होतं.

“पंचायतीचंच की.”

“आन् कार्यालयामागं ते त्र्याण्णवचं पत्र्याचं शेड, ज्यात आपण खराटे ठिवतो?”

चन्नबसअप्पांनी चहा खाली ठेवला. “म्हंजे पंचायतच उचलून तिकडं न्यायची म्हणतीस?”

“तुमची खुर्ची हलकीच हाय, अप्पा. जड तुमीच.”

शेडाचे नटबोल्ट सुटले, पत्रे ट्रॉलीत चढले. ट्रॅक्टरमागून अर्धं गाव चाललं, कामाला थोडं आणि तमाशा बघायला जास्त. जोत्यापाशी पोचल्यावर मात्र सगळे थबकले. खांब रोवायला चार खड्डे लागणार होते. पहारी हातात होत्या, पण त्या मातीत पहिला घाव कुणी घालेना. तिथं कुणाचं कोण राहिलं होतं ते प्रत्येकाला ठाऊक होतं. चन्नबसअप्पांनी घसा खाकरला, पहार या हातातून त्या हातात घेतली, आणि तेही तसेच उभे राहिले.

चतुराबाईनं पदर खोचला, त्यांच्या हातातली पहार ओढून घेतली आणि जोत्याच्या कोपऱ्याशी जाऊन, घरातल्या माणसाला सांगावं तशी म्हणाली, “अहो, सरका जरा बाजूला. पंचायत आलीय.”

आणि पहार मारली.

मग दुसरी पहार पडली, तिसरी पडली. संध्याकाळपर्यंत शेड उभं राहिलं. सापाच्या भीतीनं भाऊसाहेबांनी खुर्चीवर मांडी घातली ती पुढं कायमची.

एकतीस मार्चला रेणुकादास आले. वाटेत नव्या गावात कुणीतरी त्यांना त्यांची चूक ऐकवली होती, चेहरा उतरलेला. शेडात शिरले तर मीटरची तार ओढलेली, टेबल मांडलेलं, भिंतीवर नव्या यंत्राचा हिरवा दिवा लागलेला. भाऊसाहेबांनी त्यांच्यासमोरच पहिला दाखला काढला, चन्नबसअप्पांची नात ऋतुजा हिचा, लातूरच्या क्लासच्या फॉर्मसाठी. कागद छापून बाहेर आला तेव्हा अप्पांनी तो शाई पुसेल की काय अशा बेतानं दोन बोटांत धरला.

“चतुरे,” ते म्हणाले, “माझ्या आजोबाचा बोकड आता तरी विसर.”

“ते यंत्रात चढवायचं राहिलंय, अप्पा.”

साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि चार पानांचा कागद पुढं केला. “इथं सही, मावशी. मागच्या वेळेसारखी.”

चतुराबाईनं कागद घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “बसा सायेब. वाचते.”

चारही पानं तिनं अक्षर न् अक्षर वाचली. साहेबांचा चहा निवला, भाऊसाहेबांचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला. शेवटच्या पानावर जागेचा रकाना कोरा होता.

“काय लिहू?” साहेब चाचरत म्हणाले. “जुनं बोरकुंडी की नवं?”

बाहेर दाखल्यासाठी रांग लागली होती. वीस वर्षं ज्यांनी इकडं पाऊल टाकलं नव्हतं त्यातले निम्मे त्या रांगेत होते, आणि पुढं सरकताना एकेक जण त्या दगडाला हात लावून पुढं येत होता. चतुराबाईनं ते दारातून पाहिलं.

“नुसतं बोरकुंडी लिवा,” ती म्हणाली, आणि सही करायच्या आधी त्यांनी काय लिहिलं ते पुन्हा एकदा वाचून घेतलं.