पॅनलचा गारवा

आमच्या भट्टीखात्यात यंत्राच्या पॅनलला, म्हणजे विजेच्या तारांच्या कपाटाला, स्वतःचा एसी आहे. आत मी बसवलेला सेन्सर आहे. जरा तापलं की भोंगा वाजतो. काल दुपारी भट्टीवरचे शंकरकाका घामाने निथळत आले आणि पॅनलचं दार उघडून, डोळे मिटून त्या गारव्यात उभे राहिले. भोंगा वाजला. साहेब धावत आले.

"दार लावा, काका! आतलं सगळं जळेल!"

काकांनी दार लावलं. साहेबांनी पॅनलला तळहात लावून पाहिला, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथे तेल किती तापलं, तारा किती तापल्या, सगळं मोजायचं. काका किती तापले, हे कोण बघणार?

बोलायला तोंड उघडलं, तर साहेब मलाच म्हणाले, "सेन्सर झकास बसवलायस हं."

आणि मी "थँक्यू, साहेब" म्हणालो.