धुऊन परत पाठवलं

गुरांच्या अंगावर गोचिडीचं औषध मारतात, तसं वॉचमननं आमच्यावर मारलं. पाठीवर पंप, हातात नळी. आधी माझ्या नवऱ्यावर, मग माझ्यावर. पदर भिजला. डोळे चुरचुरले.

"फिरा. मागून पण," तो म्हणाला.

आम्ही फिरलो. महाडच्या एका दवाखान्याच्या फाटकात, दिवसाढवळ्या, दोन म्हातारी माणसं गोल फिरलो.

कोरोनाचं पहिलं वर्ष होतं. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. गुरं आणि नाचणी, एवढ्यावर घर चालतं. ह्यांना साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्यात काटा मोडून जखम झाली होती, ती भरत नव्हती. दवाखान्यात जखम साफ करून पट्टी बदलायचे. मग सगळं बंद झालं. एसटी बंद. औषधांच्या कंपन्यांच्या बसा मात्र माणसं भरून जायच्या. वाडीतल्या बाप्यांनी ह्यांना डोलीत घालून रस्त्याला आणलं. तिथून भाजीच्या टेम्पोत.

फवारून झाल्यावर वॉचमननं विचारलं, "कोविड की नॉनकोविड?"

"पाय," मी म्हटलं.

"म्हणजे नॉनकोविड. ते बंद हाय. घरी मिठाच्या पाण्यानं धुवा. साथ गेली की या."

"मग भिजवलंस कशाला रे?"

"वाडीवरची ना तुम्ही? लांबून वास येतो."

तेवढ्यात पांढरी गाडी आली. मागच्या सीटवर माझ्याच वयाची बाई. त्यानं पंप खाली ठेवला, धावत जाऊन फाटक उघडलं. गाडीवर एक थेंब नाही.

"साहेबांच्या आई हायत. साखर तपासायला आल्यात," त्यानं आम्हाला समजावलं.

तिलाही साखर, ह्यांनाही साखर. तिनं माझ्या ओल्या लुगड्याकडे बघितलं आणि काच वर घेतली.

टेम्पोत हे हसले. "गो, आता यंदा आपल्याला गोचीड नाय लागायची."

मी हसले नाही. जन्मभर ह्यांनी असंच हसून घेतलं. तलाठ्यानं उन्हात उभं ठेवलं, हसले. मास्तरानं पोराला सगळ्यांच्या मागे बसवलं, हसले. मी गप्प राहायचे.

घरी मिठाच्या पाण्यानं धुतलं. रोज धुतलं. अंगठा काळा पडला, ते काळं बोटांवर आलं. मग पावलावर. घरातून वास जाईना. कुत्रं उंबऱ्याशी येऊन बसायचं आणि ह्यांच्या पायाकडेच बघायचं. मी हाकलायचे. ते परत यायचं.

परत डोली. परत तेच फाटक. त्यानं पंप उचलला. मी पुढे झाले आणि नळी धरली.

"सोड, आजी."

"नाय सोडत. आधी गाड्यांवर मार. मग आमच्यावर."

"आजी, तमाशा नको हां."

मी खाली बसले. ह्यांच्या पायावरचं फडकं सोडलं. पाय फाटकातच उघडा ठेवला. लोकांनी मास्कवरून नाकं धरली. वॉचमन मागे सरला.

"गो, झाक. लाज वाटते," हे म्हणाले.

"लाज आपली नाय. ह्या दवाखान्यावाल्यांची हाय."

एवढं बोलायला मला म्हातारं व्हावं लागलं. पाय मी झाकला नाही.

आतून डॉक्टरीण आली. वयानं पोरगीच. प्लास्टिकच्या झग्यात घामानं निथळत होती. वाकून बघितलं. म्हणाली, "आजी, आधी का नाही आणलंत?"

"आणलं होतं, बाय. तुमच्या माणसानं धुऊन परत पाठवलं."

तिनं वॉचमनकडे बघितलं. वॉचमननं पंपाकडे.

आत घेतलं. पाय गुडघ्याखाली कापला. पण विष वर चढलं होतं. दिवाळीच्या आधी हे गेले. कोरोनानं मेलेली माणसं टीव्हीवर रोज मोजत होते. ह्यांना कुणी मोजलं नाही. हे नॉनकोविड.

परवा शेजारणीच्या सुनेला घेऊन त्याच दवाखान्यात गेले. वॉचमन तोच. केस पिकलेत, आता बसायला बाक देतो. बाकाच्या मागे जिन्याखाली तो पंप दिसला. धुतलेला, नळी नीट गुंडाळलेली, वरून प्लास्टिक घातलेलं.

"हा कशाला रे जपून ठेवलाय?"

"असू दे, आजी. परत साथ आली तर लागंल."

साथ परत येईल, हे त्याला ठाऊक आहे. मलाही. तेव्हाही कुणाच्या पायाला काटा लागेल, कुणी बाळंतीण अडेल, कुणाची छाती दुखेल. तेव्हाही फाटकात कुणीतरी उभा असेल.

वाडीत मी सांगून ठेवलंय. आजार कुठलाही असो, खाली जाताना मला हाक मारा. गुडघे दुखतात, तरी पुढे मी चालणार. फाटकात कुणी फिरायला सांगितलं तर फिरायचं नाही.

पंप तिथं आहे. मी पण आहे.